हुंकारावरचा गिअर

वहिनी म्हणजे ट्रकअड्ड्यावरच्या सगळ्यांची वहिनी. खरं तर ती एकट्या उस्तादची बायको, पण अड्ड्यावर नाती अशीच सार्वजनिक असतात. उस्तादनं जन्मभर अवजड ट्रक चालवला. घरी यायचा तो कपडे बदलायला आणि घोरायला. संसार झाला त्यांचा, नाही असं नाही, पण हप्त्याहप्त्यानं झाला. मग उस्तादचा डावा गुडघा कायमचा रुसला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. ही म्हणाली, "बरं झालं. आता मी चालवते, तुम्ही शेजारी बसा."

लोक हसले. हसेनात का, लोकांच्या बापाचं काय जातंय?

उस्ताद शिकवायला बसला. त्याची तऱ्हाच न्यारी. क्लच दाबायचा तो गाडी हलवताना आणि थांबवताना. एकदा चाकं पळायला लागली की डाव्या पायाला सुट्टी. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायचा, आणि इंजिनाचा आवाज उतरत उतरत नेमका जागेवर आला की पुढचा गिअर आपसूक पडतो. जरा घाई झाली की गिअरचे दात करकर वाजतात, अख्ख्या अड्ड्याला ऐकू जातं. पण हा नेमका क्षण सांगायचा कसा? उस्ताद मुलखाचा अबोल. तो नुसता "हं" म्हणायचा. त्याचं "हं" आलं की हिचा हात सरकायचा, आणि गिअर असा पडायचा की कुलपात किल्ली फिरावी. वहिनीला तर हसूच आवरेना. या वयात माणसानं इतकं खूश असावं का, असा तिलाच प्रश्न पडायचा.

राहिली उस्तादच्या कंपनीची चाचणी. पास झाली तर वहिनी चालक आणि उस्ताद तिचा मदतनीस, दोघं एका केबिनमध्ये. नापास झाली तर उस्तादला दूरच्या डेपोच्या फाटकावर पहारेकरी म्हणून जावं लागणार होतं आणि हिला पुन्हा घरी वाट बघत बसावं लागणार होतं. पुन्हा तेच! वहिनीनं त्या सकाळी चहासुद्धा घेतला नाही.

उस्ताद खालीच राहिला. शेजारी परीक्षा घ्यायला बसला कंपनीचा फोरमन. खडी भरलेला ट्रक. "क्लच वापरा, नका वापरू, मला देणंघेणं नाही," फोरमन म्हणाला, "पण दात वाजता कामा नयेत."

आता फोरमनला एक खोड होती, आणि ती कुणी हिच्या कानावर घातली नव्हती. तो स्वतःशीच हुंकार द्यायचा. फाटक ओलांडलं. "हं," फोरमन म्हणाला. वहिनीचा हात सवयीनं सरकला. करकर.

"काय झालं?"

"काही नाही, हात घसरला."

"हं."

करकर. बाई घामाघूम. त्यात समोर चढ. "हं," फोरमन पुटपुटला, आणि त्या हाताला अक्कल ती कुठली, त्यानं दांडा न्यूट्रलला आणून ठेवला. पुढचा काही पडेना. गाडीचा वेग उतरायला लागला, मागून हॉर्न सुरू झाले.

"भाऊ, तुमच्या पाया पडते," वहिनी म्हणाली, "पण हुंकार देऊ नका."

फोरमननं दोन्ही हात तोंडावर ठेवले. केबिनमध्ये पहिल्यांदाच शांतता झाली, आणि त्या शांततेत वहिनीला इंजिन ऐकू आलं. अगं बाई, हे सगळं तर तेच सांगत होतं की! उस्ताद बापडा नुसता त्याच्या हो ला हो म्हणत होता. तिनं अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला, आवाज वर चढू दिला आणि जागेवर येताच दांडा ढकलला. खालचा गिअर बसला, ट्रकनं चढ धरला. डावा पाय क्लचला शिवलासुद्धा नाही. वहिनी खदखदून हसायला लागली. बघता बघता फोरमनही हसायला लागला, कशाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे दात एकदाही वाजले नाहीत. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पहिल्या दोन करकरी माझ्या हुंकाराच्या. उद्यापासून या. मदतनीसाला घेऊन."

दुसऱ्या दिवशी उस्ताद शेजारी ऐटीत बसला. गाडी सुटली. त्यानं "हं" साठी तोंड उघडलं तर गिअर पडलेला. पुढच्या वेळी घाई केली, तरी बाई पुढेच. तिसऱ्यांदा त्यानं तोंड मिटून घेतलं.

"मग माझं काम काय आता?" तो बारीक आवाजात म्हणाला.

"बोला की."

"काय बोलू?"

"रस्ता लांब आहे. सगळं सांगा."

उस्तादनं खिडकीची काच वर केली. "कुठून सुरू करू?"

वहिनीनं पुढचा गिअर टाकला. "लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रिपला गेलात ना, तिथून."