मुलाकडच्यांचा फोन

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी हैदराबादेत पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि एएसआय म्हणून निवृत्त झालो. शिक्षण दहावी, तेही रखडत. लिहिताना बोलल्यासारखं होईल, चालवून घ्या. नाव कुणाचंच देणार नाही. ज्या मुलीची ही केस, तिचं आता बरं चाललंय. ते तसंच चालू दे.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. लोक घरी बसून कंपनीचं काम करायचे, तो काळ. सकाळची हजेरी झाली, ड्यूट्या वाटल्या आणि सायबर सेलच्या मॅडम आमच्या ठाण्यात आल्या. तेलुगू, माझ्या मुलांच्या वयाच्या, पण कामाला पक्क्या. विम्याची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीने फिर्याद दिली होती. गिऱ्हाइकांचे फोन, पत्ते, कुणाला कसला आजार, अशी सगळी माहिती चोरीला गेली होती. आणि ती गेली होती नल्लकुंट्यात राहणाऱ्या एका मराठी मुलीच्या खात्यातून. कंपनीने तिचं काम बंद केलं होतं. पुढची पायरी अटक. मॅडमना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मॅडम, एक महिला कॉन्स्टेबल आणि मी, असे गेलो. घरात मुलगी आणि आईवडील. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त. आईने चहा ठेवला. पोलीस आले तरी चहा ठेवणारी घरं असतात, तसं ते घर.

मॅडमनी लॅपटॉपवर एक फोन ऐकवला. कंपनीच्या मदत कक्षाला आलेला. बाईचा आवाज, इंग्रजीत. "मी अमुक अमुक," म्हणून या मुलीचं नाव सांगते. जुना फोन हरवला, पासवर्ड विसरले, नव्या नंबरवर कोड पाठवा. तिकडचा मुलगा जन्मतारीख विचारतो. ती सांगते. तो म्हणतो, जुळत नाही. ती हसते, म्हणते, सर्टिफिकेटवर वेगळी असेल, दुसरं काही विचारा. तो विचारतो, आईचं माहेरचं आडनाव? ते बरोबर सांगते. काम फत्ते.

"हा माझा आवाज नाही," मुलगी म्हणाली. "आणि माझी जन्मतारीख मला माहीत नसेल का?"

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "अन्ना, लडकी होशियार है. जान-बूझ के गलत तारीख बोली."

तसंही असू शकत होतं. पण आरोपीकडे सगळेच बघतात, म्हणून मी बाकीच्यांकडे बघतो. माझी सवय आहे ती. रेकॉर्डिंगमध्ये तारीख आली तेव्हा मुलगी गोंधळली, आई किटलीकडे बघत राहिली, आणि वडिलांनी मान खाली घातली. मी त्यांना बाल्कनीत घेतलं.

"काका, ही तारीख कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"तुमची मुलगी आत जाईल. आता लाजू नका."

घाम पुसत म्हणाले, "तिचं आश्लेषा नक्षत्र आहे. सासूला वाईट म्हणतात. तीन स्थळं त्याच्यावरूनच गेली. म्हणून नव्या बायोडाटात मी तारीख पुढे सरकवली. पुढचं मघा नक्षत्रही नको म्हणून अजून एक दिवस सरकवली."

"हे कुणाकुणाला माहीत?"

"मला आणि हिच्या आईला. मुलीला नाही."

मुलगी दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. "बाबा, माझा वाढदिवसच बदललात? केक कधी कापायचा ते तरी सांगायचं!" म्हणाली आणि रडायला लागली.

पण माझं काम झालं होतं. ती तारीख जगात एकाच कागदावर होती. फोन करणारीने तो कागद वाचला होता. मामांचं आडनावही त्यातच. आपल्या बायोडाटात मामाचं कुळ लिहितातच की. आईचं माहेरचं आडनाव ते हेच.

बायोडाटा दिला होता चिक्कडपल्लीतल्या एका काकूंकडे. त्या मराठी मुलामुलींची लग्नं जमवायच्या, फुकट. त्यांच्या ग्रुपमध्ये शेकडो माणसं, आणि कोण कुठलं याचा काकूंना पत्ता नाही.

"मी कुणाचा रुपया घेत नाही हो!" त्या मला म्हणाल्या.

"रुपया नाही घेतलात काकू. मुलींचं घरदार वाटलंत."

मग मुलीने सांगितलं. पुण्याच्या एका स्थळाकडून फोन यायचे. मुलाची बहीण बोलायची, मला ताई म्हण म्हणायची, फार गोड. काम काय, घरून कंपनीच्या कॉम्प्युटरात शिरतेस कशी, अडलं तर कुणाला फोन करतेस, मदतीला मुलं असतात की मुली.

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "इतना सब क्यों बताया?"

उत्तर आईने दिलं. "मुलाकडचे होते हो. नाही कसं म्हणायचं?"

हे मॅडमना पटेना. मला लगेच पटलं. दारावर आलेल्या सेल्समनला हीच आई हाकलून देईल. पण मुलाकडचे म्हटलं की आपण पोटातलं सगळं काढून देतो, आणि वर विचारतो, अजून काही?

त्या ताईचा नंबर आता बंद होता, सिम भलत्याच्याच कागदांवर घेतलेलं. मॅडम म्हणाल्या, सापळा लावू. काकूंच्या ग्रुपवर खोट्या मुलीचा बायोडाटा टाकायचा. कंपनीने त्या नावाचं खातं उघडायचं, आत काहीच नसलेलं. फोनवर बोलायला मराठी बाई पाहिजे होती. मॅडमनी मलाच विचारलं, "अन्ना, घर में अम्मा हैं ना?"

आमची ही तयारच होती. आम्हाला दोन मुलगे. मुलगी नाही, हे तिला कायम टोचायचं. खोट्या मुलीचं नाव तिनेच ठेवलं, रेवती. हे नाव सांगायला हरकत नाही, ती नव्हतीच. फोन नंबर हिचाच दिला. जन्मतारीख लिहिली आमच्या लग्नाची, साल तेवढं बदललं.

"हीच का?" मी विचारलं.

"तुम्हाला एकदा तरी लक्षात राहावी म्हणून."

थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला. शेजारी मॅडम, मी, आणि ही मांडी घालून पलंगावर. ताईने विचारलं, रेवतीचा लॅपटॉप कंपनीचा का?

ही म्हणाली, "ते तिलाच ठाऊक बाई. तुमच्याकडे डबा कोण करतं? माझ्या रेवतीला पहाटे उठायची सवय नाही, आधीच सांगते."

मी कागदावर हिंदीत लिहून दाखवलं, तसं मॅडमना हसू आवरेना. मला भीती, ही आता लग्न ठरवूनच फोन ठेवते.

मग मदत कक्षाला फोन आला. रेवती बोलतेय, पासवर्ड विसरले. जन्मतारीख? त्या बाईने माझ्या लग्नाची तारीख खडाखडा सांगितली. तिकडच्या मुलाने तिला बोलण्यात गुंतवून ठेवलं, सायबर सेलने ठिकाण काढलं, आणि आम्ही तारनाक्याच्या एका भाड्याच्या खोलीत पोचलो. नवरा-बायको, तरुण. बाई आधी अशाच एका मदत कक्षात फोन घ्यायची. कुठे काय विचारतात, सगळं पाठ.

चौकशीत ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, मी कुणाचं कुलूप तोडलेलं नाही. मी विचारलं, त्यांनी सांगितलं."

गुन्हा कबूल झाला, पंचनामा झाला, मुलीचं नाव फिर्यादीतून निघालं. कंपनीने तिला परत घेतलं. पुढे तिने स्वतःच लग्न जमवलं. सासूला आश्लेषा आधीच सांगून टाकलं. सासू ठणठणीत आहे.

त्या बाईचं वाक्य मात्र मी विसरलो नाही. कंपनीने दाराला महागडी कुलपं लावली होती आणि किल्ली ठेवली होती आईच्या माहेरच्या आडनावात. घरच्यांनी ती छापून वाटली. दोघांनाही आपण काही चुकतोय असं वाटलं नाही. म्हणून सांगतो, मुलाकडचे असोत नाहीतर बँकेचे, विचारणाऱ्याला आधी विचारा, तुला कशाला पाहिजे? राग आला तर येऊ दे. आणि दिलेली माहिती परत घेता येत नाही, हे धरून चाला. काकूंनी रेवतीचा कागद माझ्यासमोर काढून टाकला होता. पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता.

ही गेल्या वर्षी गेली. तिचा फोन माझ्याकडे असतो. अजून स्थळं येतात. मी म्हणतो, जमलं तिचं. नाव, गाव, काही सांगत नाही.

यंदा आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तो वाजला. मुलं विसरली होती, त्यांना बोल लावत नाही. कुठल्या तरी विवाह मंडळाचा मेसेज होता, फुलांचं चित्र वगैरे. चि. रेवतीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

लोकांना मी सांगत फिरतो, असले नंबर बंद करून टाका. हिच्या फोनचा रिचार्ज मी कालच केला.