मूठभर कच्चे तांदूळ

निपाणीच्या बाजारात माझं तांदळाचं दुकान आहे. पोत्यात हात घालून दाणे चघळायचे, नाक मुरडायचं आणि खरेदी समोरच्या दुकानात करायची, असली गिऱ्हाइकं मला सहन होत नाहीत. ती बाई मला तशीच वाटली. विडीकामाला जाता-येता ती मूठभर तांदूळ उचलायची, डोळे मिटून कुडुमकुडुम चावायची आणि काही न घेता निघायची.

एकदा मी भडकलोच. "आक्का, रोज चव बघतीस, घेणार कधी?"

ती ओशाळली. "घ्यायला न्हाय येत अण्णा. कच्चा तांदूळ दिसला की ऱ्हावत न्हाय बघा. घरात भात मात्र नको वाटतोय." एवढ्या बोलण्यानं तिला धाप लागली आणि ती पायरीवर टेकली. तिची नखं पांढरीफटक होती.

भात नको आणि कच्चा तांदूळ हवा, हे कोडं मला सुटेना. म्हटलं, "हे दवाखान्यात सांग."

काही महिन्यांनी ती पिशवी घेऊन आली. रक्तात लोह कमी पडल्यानंच तो नाद लागला होता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आता गोळ्या चालू होत्या. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, हेही ती पाळत होती.

मी पोतं पुढं सरकवलं. तिनं चार दाणे चावले आणि तोंड वाकडं केलं.

"कसला हो तांदूळ ह्यो! खडे चावल्यागत लागतोय."

दुसरं कुणी असतं तर मी पोतं आत ओढलं असतं.

"अगं आक्का," मी म्हणालो, "आधी शिजवून तर बघ!"

तिनं हसत पिशवी उघडून धरली.