नायगावचा चौथा क्वार्टर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कार्यालयात नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर आता नीट ओळखा.

नांदेडच्या एका दैनिकात मी खेळाचं पान पाहतो. पाहतो म्हणजे सगळंच. बातमी आणतो, लिहितो, मथळा देतो, पान लावतो आणि संध्याकाळी सव्वाआठला छपाईला सोडतो. जिल्हा आवृत्तीत खेळाच्या वाट्याला एकच माणूस येतो. माझी तक्रार नाही. पुढे जे आहे ते या वेळापत्रकातून सुरू होतं, म्हणून सांगितलं. सुरू होतं, एवढंच म्हणालो. त्याच्यामुळे घडलं असं म्हणालेलो नाही.

आमच्याकडे सहा संघांची बास्केटबॉल लीग चालते. नांदेड, लातूर, उदगीर, लोहा, उमरी, नायगाव. खेळाडूंना सामन्यामागे मानधन मिळतं, संघांना मालक आहेत — कुणाचं मंगल कार्यालय, कुणाचं कृषी केंद्र — म्हणून तिला व्यावसायिक म्हणायचं. प्रत्येक संघ दहा सामने खेळतो, वरचे चार प्लेऑफला जातात. सगळ्यांचे पाच-पाच सामने झाले की मी आढावा लिहितो: कोण प्लेऑफला जाईल, कोण घरी बसेल. हा आढावा वाचला जातो. मालक तो कापून ठेवतात आणि त्यावरून संघात कुणाला ठेवायचं ते ठरवतात. मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं, हे मुद्दाम लिहितो आहे.

गेल्या हंगामातल्या त्या आढाव्यातलं बहुतेक सगळं आजही मी मागे घेत नाही. लातूरकडे दोन उंच खेळाडू, रिंगखालून त्यांना हलवणं कुणालाच जमत नाही. पण ते दोघं फाउलमध्ये अडकले की बेंचवर कुणी नाही — असं लिहिलं, आणि पुढे तसंच झालं. उदगीर लांबून मारतो. लागलं त्या दिवशी कुणालाही हरवेल, नाही लागलं तर उमरीकडूनही हरेल. नांदेड घरचा संघ, तरी त्याचा बचाव ढिला आहे हे छापलं. मालकाने दोन महिने माझा नमस्कार घेतला नाही. न घेवो. हे सगळं मी पाहून लिहिलं होतं.

राहिला नायगाव. पाचपैकी तीन जिंकलेला. त्याच्याबद्दल मी तीन वाक्यं लिहिली. "नायगावचे तिन्ही विजय निसटते आहेत. संघ कर्णधार मुजीबभोवती फिरतो आणि मुजीबचा दम शेवटच्या क्वार्टरपर्यंत टिकत नाही, हे वारंवार दिसलं आहे. प्लेऑफची शक्यता कमी." पहिलं वाक्य खरं होतं. तिसरा अंदाज होता, आणि अंदाज चुकण्याचा हक्क मी कधीच सोडलेला नाही. पण मधलं?

वारंवार दिसलं — कुणाला?

नायगावचे पाचपैकी चार सामने त्यांच्या घरच्या मैदानावर झाले, एक लातूरला. लातूरचा मी फोनवरून घेतला. नायगावच्या मैदानावर दिवे आहेत, सामने साडेपाचला सुरू व्हायचे. चारपैकी दोन क्वार्टर संपेपर्यंत साडेसहा. तिथून मोटारसायकलने नांदेड सव्वा तास आणि पान सव्वाआठला. मध्यंतराची शिट्टी वाजली की मी गाडीला किक मारायचो. उरलेला सामना देवकते सर फोनवर सांगायचे. ते शाळेत खेळाचे शिक्षक, गुणलेखकाच्या टेबलावर बसतात. शेवटचे गुण आणि कोण जिंकलं, एवढं ते सांगत, तेवढं मी घेत असे. दुसऱ्या दिवशी बातमीवर छापलेलं असे: आमच्या प्रतिनिधीकडून, नायगाव.

म्हणजे नायगावचा चौथा क्वार्टर मी पाहिला होता का? एकही नाही.

रमजान चालू होता. मुजीब रोजा धरून खेळायचा. चौतीस वर्षांचा माणूस, कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान, उन्हाळा तोंडावर आलेला — दिवसभर पत्र्याखाली काम करून तो मैदानावर यायचा आणि दोन क्वार्टर पाण्याच्या थेंबाशिवाय काढायचा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलेला मुजीब मी चारही वेळा पाहिला. मध्यंतर आणि मगरिबची अजान जवळजवळ एकाच वेळी व्हायची. सगळा संघ मैदानाच्या कडेला बसायचा, मुजीब खजुरांची डबी फिरवायचा. एकदा मी हेल्मेट चढवत असताना डबी माझ्यापुढे धरली.

"घ्या साहेब. आमचा रोजा सुटायचा टाइम अन् तुमचा पळायचा टाइम, बराबर एकच हाय."

बाकीचे हसले. मीही हसलो, खजूर तोंडात टाकला आणि निघालो.

मग मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. दिवसभराचा तहानलेला माणूस पाणी प्यायल्यावर पुढचे दोन क्वार्टर कसा खेळेल, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मी स्वतःला तो विचारला नाही. दुसऱ्या क्वार्टरला धापा टाकणारा चौथ्याला आडवा होणारच, असं धरून चाललो, आणि जे धरलं होतं ते पाहिलं म्हणून छापलं.

इथवर चूक. आळशी, बेपर्वा, पण चूक. तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो.

आढावा आला त्या दिवशी सकाळी दहाला देवकते सरांचा फोन आला. चिडलेले नव्हते. उलट थट्टेच्या सुरात होते.

"काय हो, तुम्ही तर मध्यंतरालाच टांग मारता. मंग चौथा क्वार्टर कोणत्या खिडकीतून पाहिला? पाणी पोटात गेलं की त्यो लई येगळा माणूस हाय. तिन्ही मॅची त्यानंच काढून दिल्यात."

मी म्हणालो, बघतो. त्यांनी पाचही स्कोअरशीटचे फोटो पाठवले, क्वार्टरवार गुण असलेले. मी एकेक उघडून पाहिला. सरांचं बरोबर होतं. उमरीविरुद्धच्या सामन्यात तर शेवटच्या क्वार्टरमधले संघाचे निम्म्याहून जास्त गुण एकट्या मुजीबचे होते.

दुपारी चारला किशनरावांचा फोन. हे नायगाव संघाचे मालक, कृषी केंद्रवाले. हरभऱ्याची आवक जोरात होती, ते महिनाभर लातूरच्या बाजारात बसलेले. स्वतःच्या संघाचे सामने त्यांनी पाहिलेच नव्हते, लातूरला झालेलाही नाही.

"कोच म्हणून राहिला, मुजीबला हलवू नका. मी म्हनलं, पेपरवाल्याला इचारतो. त्याला कोनाचं घेणं न्हाई, देणं न्हाई. तुम्ही सोता पाहिलं ना शेवटी? सोता?"

दहा ते चार. माझी चूक आणि माझं खोटं, यांत सहा तासांचं अंतर होतं.

मी म्हणालो, "हो. पाहिलंय."

का? मी तिथे नव्हतो असं म्हटलं असतं, तर प्रश्न एका सामन्यापुरता राहिला नसता. इतक्या वर्षांच्या 'आमच्या प्रतिनिधीकडून' या ओळीवर कुणीतरी बोट ठेवलं असतं. ते मला नको होतं. हे कारण आहे. ते सांगितलं म्हणून माझ्या बाजूने धरू नका, मीही धरत नाही.

पुढच्या सामन्यात मुजीब बेंचवर होता. कर्णधारपद दुसऱ्याकडे.

चार दिवसांनी तो कार्यालयात आला. हातात आढाव्याचं कात्रण. भांडायला आला असेल असं वाटून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. समोर खुर्ची होती. तो बसला नाही.

"साहेब, मी काय रागानं आलो न्हाई. फकत एवढं सांगा — कोणत्या मॅचला माझा दम सुटला? मी लई आठवून राहिलो, याद येईना. कळलं तर दुरुस्त करतो."

दुरुस्त करतो, म्हणाला. कूलरबद्दल बोलावं तसं, स्वतःबद्दल.

तुम्ही काय केलं असतं? — नको. हा प्रश्न मी मागे घेतो. तुम्ही काय केलं असतं याचा इथे काही संबंध नाही.

मी म्हणालो, "उमरीच्या."

फोन टेबलावर होता, आमच्या दोघांच्या मध्ये. त्यात त्या सामन्याची स्कोअरशीट होती.

तो आठवून पाहत होता. समोरचा माणूस आठवून पाहतो आहे हे चेहऱ्यावरून कळतं, आणि आठवलेलं सोडून देतो आहे हेही कळतं. मी दोन्ही पाहिलं. त्या वेळी मात्र मी तिथे हजर होतो, शेवटपर्यंत.

"उमरीच्या," तो म्हणाला. "असंल. आपन आत असलं की कळत न्हाई. तुम्ही भायेरून बघता, तुमाला दिसतंय." कात्रणाची घडी करून खिशात ठेवली, मला सलाम केला आणि गेला.

किशनरावांना सांगितलेलं खोटं मी कदाचित पचवलं असतं. धंदेवाला माणूस, त्याने कोचचं ऐकायला हवं होतं, असं काहीतरी म्हणून. हे खोटं वेगळं आहे. ज्याने सामना जिंकून दिला त्यालाच मी सांगितलं की तू हरत होतास, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पेपरवर ठेवला म्हणा हवं तर. पेपर म्हणजे त्या खोलीत मीच होतो.

दुसऱ्या दिवसापासून मुजीबने रोजे धरणं बंद केलं. हे मला देवकते सरांनी नंतर सांगितलं. बारा वर्षांचा असल्यापासून त्याने एकही रोजा चुकवलेला नव्हता. दम वाढवायचा म्हणून तो पाणी पिऊन सकाळी पळायला लागला, दुकान उघडायच्या आधी, भर वस्तीतून. लोकांनी पाहिलं. वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. चुकलेले रोजे पुढे भरून काढता येतात, असं मला एकाने सांगितलं. मीच ते विचारलं होतं, स्वतःच्या सोयीसाठी. विचारून झाल्यावर माझी काही सोय झाली नाही.

किशनरावांनी त्याला तरीही खेळवलं नाही. नायगाव उरलेल्या पाचांपैकी एकच जिंकला आणि एका विजयाने प्लेऑफ हुकला. पाचव्या क्रमांकावर.

म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला. तो बरोबर निघावा याची व्यवस्था मीच केली होती, ही गोष्ट वेगळी — ती कुणाला माहीत नव्हती. बैठकीत संपादक म्हणाले, आढावा असावा तर असा. किशनरावांनी फोन करून सांगितलं, "तुमची नजर म्हणजे नजर हाय." मी दोघांनाही धन्यवाद म्हणालो. या हंगामात मुजीबचं नाव सहापैकी एकाही संघाच्या यादीत नाही.

आता काही गोष्टी सरळ सांगतो. या प्रकरणाने मी खंगलो, असं काही झालेलं नाही. मी व्यवस्थित जेवतो, तीच लीग लिहितो, यंदाचा आढावाही लिहिणार आहे. फक्त आता नायगावहून सामना संपल्याशिवाय निघत नाही. पान उशिरा सुटतं, संपादक ओरडतात. यात माझं काही मोठेपण नाही. हे माझं काम होतं आणि तेव्हाही होतं.

कुणी म्हणेल, तालुक्याच्या मैदानावरचा खेळ, एवढं काय त्यात. कुणी म्हणेल, फोनवरून बातम्या कोण घेत नाही? घेतात. सगळेच घेतात. पण उमरीचं नाव सगळ्यांनी घेतलं नव्हतं, मी घेतलं होतं. हे वाचून कार्यालयाने मला काढलं तर काढावं. किशनरावांनी शिव्या दिल्या तर त्या माझ्याच आहेत. माफी मी मागत नाही. मागितली तर मुजीब ती देईल, तो तसा माणूस आहे, आणि तेवढ्यावर हे मिटवायची माझी तयारी नाही. हे छापून येण्याआधी मी नायगावला जाऊन त्याला सगळं सांगितलं, असं इथे लिहिता आलं असतं. गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात देवकते सर भेटले. म्हणाले, मुजीब संध्याकाळी मैदानावर येतो, नव्या खेळाडूंना शिकवतो. त्यांना काय सांगतो, तेही सरांनी सहज सांगितलं. "शेवटच्या क्वार्टरसाठी दम राखून ठेवत जा. उमरीच्या मॅचला माझा सुटला होता, अन् मला कळलं बी नव्हतं. पेपरात आलं तवा कळलं."

सरांना वाटलं, मला हे ऐकून बरं वाटेल.

उमरीविरुद्धच्या सामन्यात मुजीबचा दम सुटला नव्हता. तो सामना त्याने जिंकून दिला. तेव्हा मी नांदेडच्या रस्त्यावर होतो.