मासे नसलेली टाकी

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. इमारतीत सगळे त्यांना लिफ्टमास्तर म्हणतात. घरी आल्यावर त्यांचं काय चालतं, हे सांगायची मला पूर्वी लाज वाटायची. आता मी कोणी न विचारताच सांगते.

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याहून लांब अशी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं, असं हे म्हणतात, आणि म्हणताना नाक जरा वर जातं. पाणी घरीच मीठ कालवून करायचं, किती खारट झालं ते मोजायचं, किती गरम आहे ते बघायचं. मी भाजीत मीठ जास्त घातलं तर हा माणूस एक शब्द बोलणार नाही, पण टाकीत जरा कमीजास्त झालं की कपाळाला आठ्या.

नवा मासा आणला की तो थेट टाकीत जात नाही. मागच्या छोट्या खोलीत प्लास्टिकचे टब आहेत. टबात पाणी, पंप, हीटर आणि लपायला पाइपचा एक तुकडा. तिथे महिनाभर मुक्काम. तिथली जाळी वेगळी, बादली वेगळी, फडकं वेगळं. त्या पाण्यात बुडालेला हात कोपरापर्यंत धुऊन कोरडा केल्याशिवाय मोठ्या टाकीजवळ न्यायचा नाही.

"एवढं सोवळं माझ्या आजीनेही पाळलं नसेल," मी म्हणायचे.

"आजीचं सोवळं मोडलं तर कोणी मरत नव्हतं," हे म्हणायचे.

टाकीतली सगळ्यात जुनी म्हणजे मावशी. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. आमची मुलगी चौथीत असताना आणलेली. मला सख्खी बहीण नाही, म्हणून मुलीने या माशालाच मावशी करून टाकलं. शाळेचा निकाल आधी मावशीला कळायचा, मग आम्हाला.

तर अशा या काटेकोर माणसाने गेल्या वर्षी माती खाल्ली. काचेवरचं शेवाळ खायला एक गोगलगाय आणली, आणि गोगलगायीला कसला आलाय माशांचा रोग, म्हणून तिला थेट टाकीत सोडली. गोगलगायीला काहीच झालं नाही. पण तिच्या शंखाला चिकटून जे आलं, त्याने थोड्याच दिवसांत माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले. दोन मासे गेले, मग आणखी एक. मावशी कोपऱ्यात धापा टाकत होती. मुलगी ऑफिसातून फोन करून करून विचारायची, आहे ना अजून?

यांनी खापर कोणावर फोडलं नाही. दुकानदारावरसुद्धा नाही. "माझ्या हाताने आलंय, माझ्याच हाताने जाईल," म्हणाले आणि कामाला लागले. या रोगाचं औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, त्यातल्या तांब्याने टाकीतले जिवंत प्रवाळ मरतात. म्हणून उरलेले मासे टबात काढून तिथे औषध द्यायचं, आणि मोठी टाकी अडीच महिने माशांशिवाय चालवायची. रोगाच्या जंतूला मासा मिळाला नाही की तो उपाशी मरतो. पण मध्येच एक जरी मासा आत गेला, की पहिले पाढे पंचावन्न.

मग काय, रोज दिवे लागायचे, पंप चालायचा, प्रवाळ डुलायचे आणि मासा औषधालाही नाही. शेजारी येऊन काचेत वाकून बघायचे.

"मास्तर, मासे रजेवर गेले का?"

"हो, पगारी रजेवर," हे म्हणायचे आणि मागच्या खोलीत पाणी बदलायला जायचे. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा टबावर वाकायचा. मावशी हळूहळू खायला लागली.

यातले निम्मे दिवस उलटले असतील, तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला येणार होते, आणि मुलीने त्यांना टाकीचं इतकं वर्णन करून ठेवलं होतं की ते आम्हाला बघायला येणार की मावशीला, हेच कळेना.

"बाबा, फक्त एका संध्याकाळपुरतं," मुलगी म्हणाली. "मावशी आता बरी आहे. ते गेले की परत काढू."

"नाही."

"मी त्यांना रिकामी टाकी दाखवू?"

"दाखव. मासे का नाहीत तेही सांग."

मुलीचा तिळपापड झाला. "तुम्हाला माझ्यापेक्षा मासे जास्त," असं म्हणून तिने दार आपटलं. या माणसाने जन्मात तिला कशाला नाही म्हटलेलं नाही, हे तिलाही माहीत होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मीही तिच्याच बाजूने होते. "एका संध्याकाळने काय आभाळ कोसळणार आहे? व्याह्यांसमोर शोभा होईल," मी म्हटलं.

"एकदा वाचवलीय तिला. पुन्हा त्याच पाण्यात टाकू?" एवढंच बोलून हे पंप घासत बसले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच. पण मुलगी पाहुणे येईपर्यंत बापाशी एक अक्षर बोलली नाही.

व्याही म्हणजे मोठ्या आवाजाचा, हौशी माणूस. छापखाना आहे त्यांचा. दारातून आले ते हातात पाण्याने फुगलेली पिशवी घेऊन, आणि तिच्यात एक पिवळाधमक मासा.

"म्हटलं, फुलं काय न्यायची, तुमच्या आवडीचंच नेऊ! आणि बरं झालं, टाकी रिकामीच दिसतेय. सोडा, आत्ताच सोडा, आम्हालाही बघू द्या."

विहीणबाईंनी फोटो काढायला फोनही वर धरला. यांनी एक हात पिशवीला लावला. दुसरा टाकीच्या झाकणावर होता. माझी तर पाचावर धारण बसली. आता हा बाबा तोंडावर नाही म्हणणार आणि ठरलेलं लग्न बसणार कोपऱ्यात!

तेवढ्यात मुलगी उठली. तिने दोन्ही हातांनी पिशवी घेतली.

"काका, किती सुंदर आहे हो! पण हा आधी मागच्या खोलीत राहणार. आमच्याकडे नवा आलेला प्रत्येक जण तिथूनच टाकीत जातो."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे? माझा मासा रोगी आहे?"

"नसेलही. ते कळावं म्हणूनच ठेवायचं."

आणि तिने सगळं सांगितलं. गोगलगाय, ठिपके, गेलेले मासे, मावशी. "चूक बाबांची होती," हेही सांगितलं, आणि "निस्तरली पण त्यांनीच," हेही. बोलताना आवाज जराही हलला नाही. विहीणबाईंनी फोन खाली ठेवला.

"अगं बाई, मग तू आमच्याकडे आलीस की तुलाही महिनाभर मागच्या खोलीत ठेवायचं की काय?"

सगळे हसले. व्याही जरा उशिरा हसले, पण हसले. मुलगी नव्या कपड्यांच्या बाह्या वर सारून मासा मोकळ्या टबात सोडायला गेली, आणि मागोमाग व्याही. आतून तिचा आवाज आला, "काका, पाण्यात हात घातलात ना? आता कोपरापर्यंत धुवा." छापखान्याचे मालक निमूटपणे हात धुऊन बाहेर आले. कोणाची लेक आहे, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. मला मात्र कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

तो पिवळा मासा ठणठणीत निघाला. महिनाभरात अंगावर एक ठिपका नाही.

"बघा, उगाच कोंडलात बिचाऱ्याला," व्याही फोनवर म्हणाले.

"उगाच ठरलं, याहून चांगलं काय?" हे म्हणाले.

अडीच महिने भरले त्या संध्याकाळी यांनी मावशीला वाडग्यात घेऊन बाहेर आणलं. या टाकीत मासा सोडायचा मान यांनी आजवर मलाही दिलेला नाही. यांनी वाडगं मुलीपुढे केलं.

"तू सोड."

"मी? तुम्हीच सोडा ना बाबा."

"तुझाच हक्क आहे. त्या दिवशी माझा हात झाकणावर कशाला होता, माहीत आहे?"

"अडवायला."

"उघडायला," हे म्हणाले. "सगळ्यांसमोर तुझी मान खाली जाईल, म्हणून मी तो मासा सोडणार होतो."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, ती तिथेच थांबले. असा अभिमान मला माझ्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता, आणि नक्की कोणाचा जास्त वाटला ते आजही सांगता येणार नाही.

"मग बरं झालं मी उठले," मुलगी म्हणाली, आणि तिने वाडगं पाण्यात तिरकं केलं.