वाल सोलणारा

१९९९ च्या हिवाळ्यात शहापूरच्या एका दवाखान्यात मुरबाडकडचा एक शेतकरी माझ्या शेजारी बसला होता. दोघांनाही आतड्यांच्या सुजेचा जुना आजार होता. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्याला क्रोन्स. डॉक्टर माझं मोठं आतडं काढायला सांगत होते आणि मी टाळत होतो.

"काढा, भाऊ," तो म्हणाला. "तुमचा आजार तेवढ्यातच हाय, आतडं गेलं का सुटलात. माजा तोंडापासून खालपर्यंत कुठं पन उठतो. दोनदा कापला, दुसऱ्या जागी आला. अदलाबदली करता का?"

पोटाला सोसत नाहीत म्हणून सहा वर्षांत त्यानं स्वतःच्या शेतातले वाल खाल्ले नव्हते.

"बिरड्याचे मोड आलेले वाल मीच सोलतो. घरची जेवायला बसली का शेतावर जातो."

महिन्याभरानं माझं ऑपरेशन झालं. पुढच्या तपासणीला गेलो, तेव्हा तो तिसऱ्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेल्याचं कंपाउंडरनं सांगितलं.