कर्जाआधी भाकरी

आमच्या समोरच्या अक्कांना पाहुण्याची भूक पाहुण्याच्या आधी लागत असे. माणूस दारात चपला काढतोय तोवर त्याच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी येऊन पडे. पोस्टमन, विजेचं मीटर बघणारा, चुकून पत्ता विचारायला आलेला, कुणीही सुटत नसे. एकदा वळसंगहून मयताचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी आधी पोटभर जेवू घातलं आणि मग कोण गेलं ते विचारलं. घरात कानडी, दारात मराठी आणि नवऱ्याशी भांडताना दोन्ही, असा त्यांचा कारभार. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली त्यांची चटणी खाऊन माणूस घामाघूम होई आणि आणखी मागे. "अक्का, फुकट वाटण्यापेक्षा विका," मी म्हणे. "विकते की! पण आदी खाऊ घातल्याबिगर पैसा कसा घ्यायचा वो वैनी? ज्यानं आपली भाकरी खाल्ली न्हाय, त्याचा पैसा अंगी लागत न्हाय." परिणामी गिऱ्हाईक ढेकर देऊन, काहीही विकत न घेता घरी जाई.

हे सगळं नवऱ्याच्या गिरणीतल्या पगारावर चाललं होतं. गिरणीला टाळं लागलं आणि दानधर्म संपला. चटणीचं दुकान टाकायला कोपऱ्यावरचा गाळा रिकामा होता, पण मालक महिनाभरच थांबणार होता. एक विडीवाला त्यावर टपून बसला होता. बँका सरकारी होऊन चारपाच वर्षं झाली होती आणि छोट्या दुकानदारांना कर्ज देतात असं ऐकू येत होतं. मी अक्कांना ओढत बँकेत नेलं. साहेब म्हणाले, घरी येऊन पाहणी करतो.

साहेब म्हणजे नुकतीच मिसरूड फुटलेला, पुण्याकडचा, शर्टापेक्षा स्वभावाला जास्त इस्त्री असलेला मुलगा. त्याने उखळ पाहिलं, शेंगांचं पोतं पाहिलं, समाधानाने मान हलवली. तेवढ्यात अक्कांनी ताट मांडलं. "ऊटा माडरी, साहेब. जेवा."

साहेब मागे सरकला. "अर्जदाराच्या घरी आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. नियम आहे."

"मग आमीबी तुमचं कर्ज घेत न्हाय. आमचाबी हाय की नियम."

खाटेवर बसलेल्या अक्कांच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी डाफरले, "अक्का, पैसा बँकेचा आहे. त्यांच्या खिशातला नाही."

"मग बँक कुटं जेवती? ह्यांनीच जेवायला पायजे की!"

साहेब उठला. एका भाकरीपायी गाळा विडीवाल्याकडे चालला होता. मी दार अडवलं आणि म्हटलं, "साहेब, कापडवाल्याला कर्ज देताना कापड हाताने चाचपून बघता ना? मग हा माल न चाखताच पाहणी झाली कशी?"

साहेब विचारात पडला. नियमात हे बसत होतं. त्याने चिमटीभर चटणी जिभेवर ठेवली.

"माल भाकरीसंगट असतो," अक्का म्हणाल्या.

त्याने भाकरी मोडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी चेहरा सरकारी. "मीठ योग्य आहे," तो म्हणाला. अक्कांनी दह्याची वाटी पुढे केली. "नको. दही तुमच्या मालात येत नाही." त्या कोरड्या जिद्दीवर अक्का खूश झाल्या आणि त्यांनी दुसरी भाकरी वाढली. तीही तपासली गेली.

कर्ज मंजूर झालं. गल्ल्यावर मी अक्कांच्या नवऱ्याला बसवलं आणि त्यांना आतल्या खोलीत उखळापाशी ठेवलं, म्हणून दुकान चाललं. साहेब अधूनमधून पाहणीला येई आणि दर वेळी कपाळावर आठ्या घालून दोन भाकऱ्यांचा माल तपासून जाई. त्याच्या येण्याच्या दिवशी अक्का ताजी चटणी कुटत. इतरांना कालची.

शेवटचा हप्ता फिटल्यावर तो स्वतः सांगायला आला. "आता तुम्ही अर्जदार नाही," म्हणाला, मांडी घालून बसला आणि पहिल्यांदाच दही मागून घेतलं. चार भाकऱ्या खाल्ल्या. मी अक्कांचं अभिनंदन केलं. अक्का मात्र तो गेलेल्या रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

"वैनी, आता तो कशाला येतोय हितं?"

मी दह्याची वाटी विसळायला घेतली. उगाच खोटं बोलायची मला सवय नाही.

अक्कांनी रिकामं ताट उचललं आणि हळूच विचारलं, "आनखी एक कर्ज मिळंल का वो? बारकंसं?"