तीन गोणी भांबुर्डा

चाळीस मडकी भरून ओळीत लावली आणि मी हात धुवायला नळाशी गेले. भांबुर्ड्याचा पाला हाताळला की हाताला उग्र वास बसतो, साबणाने जात नाही. त्या दिवशी तो वास होताच, पण त्याच्या खाली दुसराही होता. फवारणीचा पंप उघडल्यावर येतो तसा.

मी परत हात हुंगला. मग हिराला बोलावलं. ती माझ्याबरोबर मडकी भरते.

"हुंग."

"काय हाय?"

"तू सांग."

"मला सर्दी हाय गो. सुकट भाजलीस तरी कळायची नाय."

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की आमच्या पनवेलजवळच्या नेरे गावाकडे पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं त्या पाल्याच्या वाफेवर शिजतं. म्हणजे पाल्यावर जे असेल ते पोटात जातं.

तन्मय आमचा फाउंडर. खांदा कॉलनीतला, इंजिनिअर. नोकरी सोडून त्याने पोपटीचा स्टार्टअप काढला. फार्महाउसवर, सोसायटीच्या गच्चीवर आम्ही जाऊन पोपटी लावून देतो. स्टार्टअप म्हणजे काय ते मला दोन हिवाळ्यांत कळलं. माणसं सहा, कामं साठ. सोमवारी ठरलेलं बुधवारी बदलतं. आणि सगळे कायम एकच विचारतात, पुढच्या महिन्यात कंपनी असेल का. माझ्या आयकार्डवर 'हेड, क्वालिटी' असं लिहिलंय. मी चौथी शिकलेली. हेडने करायचं काय, असं तन्मयला विचारलं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मडकं जाळावर जायचं नाही."

पहिल्या हिवाळ्यात पाला मीच खुडायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ऑर्डरी वाढल्या आणि प्रोसेस आली. पाला बाळाराम नावाचा माणूस गोणीने आणून द्यायला लागला. माझ्या हातात टॅब आला. एकेक वस्तू तपासायची आणि तिच्यापुढचं हिरवं बटण दाबायचं. नाही दाबलं तर टॅब वाजत राहतो आणि रिद्धीचा फोन येतो. रिद्धी ऑपरेशन्स बघते, म्हणजे सगळ्यांच्या मागे लागते.

त्या रविवारी मुंबईची एक कंपनी बायकापोरांसह फार्महाउसवर येणार होती. दीडशे माणसं. त्यांच्याबरोबर आमच्या कंपनीत पैसे घालू म्हणणारा इन्व्हेस्टर. तन्मयने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "उद्या जमलं नाही तर मार्चनंतर आपण नाही."

सकाळी सात वाजता पाल्याच्या तीन गोण्या आल्या. मी एक उघडली. पाला चांगला होता. टॅब वाजत होता. मी तिन्हींसाठी हिरवं बटण दाबलं.

आता ताडपत्रीवर उरलेला पाला मी उपसून बघितला. वरचा ठीक. खालच्या काही काड्या पिळवटलेल्या, पानांच्या कडा आत वळलेल्या. बाळारामला फोन लावला.

"पाला कुठचा?"

"नेहमीचाच की."

"बाळाराम."

"दोन गोणी नेहमीच्या. एक पळस्प्याच्या बाजूला मोकळा प्लॉट हाय ना, तिथली. कोणाचा नाय तो. भरपूर उगवलाय."

"तिथं कोणी काय मारलंय का?"

"मला काय ठाव? गेल्या हप्त्यात माणसं पंप घेऊन आली व्हती. प्लॉट साफ करतात बोलली."

प्लॉट साफ करायला तणनाशक मारतात. आम्ही तिन्ही गोण्या ताडपत्रीवर एकत्र ओतून मडकी भरली होती. कोणत्या मडक्यात कोणता पाला ते देवालाही सांगता आलं नसतं. साडेअकरा वाजले होते. पाहुणे पाचला.

तन्मय गेटवर बोर्ड बांधत होता. मी सांगितलं. त्याने बोर्ड खाली ठेवला.

"मावशी, शंभर टक्के खात्री आहे?"

"नाय."

"मग?"

"खात्री करायची तर कोणाला तरी खाऊ घालावं लागंल. कोणाला घालू?"

"शेंगा धुऊन घेतल्या तर?"

"धुतल्यावर जातं का ते मला ठाव नाय. तुला ठाव हाय?"

रिद्धी टॅब बघत म्हणाली, "पण इथे तर पाला ग्रीन आहे."

"तो मीच केलाय. तीनातली एकच गोण उघडली मी."

तन्मय उपड्या बादलीवर बसला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग उठून म्हणाला, "खड्डा कुठे खणू?"

चाळीसही मडकी त्याने स्वतः फोडून पुरली. मातीचं मडकं सगळं पितं, ते परत वापरायचं नाही. फुटतील म्हणून वीस मडकी जास्तीची आणली होती. त्यातली दोन तडकलेली निघाली. शेंगांचे दोन क्रेट शिल्लक होते.

मी, हिरा आणि रिद्धी रिक्षाने माझ्या शेताच्या बांधावर गेलो. रिद्धीने पहिल्या पाच मिनिटांत कसलं तरी रानगवत ओटीभर आणलं. मी म्हटलं, "पान चुरड, वास घे. डोळ्यानं नाय, नाकानं खुड." नंतर तिचं एकही पान चुकलं नाही. मध्येच ती विचारते, "मावशी, आपली नोकरी जाईल का?" हिरा म्हणाली, "खुड आधी. गेली तर परत हितंच खुडायला येशील, सराव व्हईल."

मी एकेक मूठ हुंगत होते. शेवटी नाकाला काहीच कळेना. मग उभी राहून लांब श्वास घेतला आणि पुन्हा सुरू.

अडीचला परत आलो. अठरा मडकी भरली. माझा हात प्रत्येक मडक्याच्या तोंडाशी थांबत होता. जाळ झाल्यावर मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र होऊन लगेच उडालं की पोपटी झाली. त्या दिवशी मी ते तीनतीनदा केलं.

पाचला तन्मय पाहुण्यांपुढे उभा राहिला आणि सरळ सांगितलं की पाला खराब निघाला, निम्म्याहून जास्त मडकी टाकून दिली, आज पोपटी थोडी मिळेल. उरलेली भूक आम्ही निखाऱ्यावरच्या बटाट्यांनी आणि पनवेलहून मागवलेल्या वडापावांनी भागवली. एक बाई कुरकुरली. पोरं खूश होती. मी एकेका पोराकडे बघत बसले. रात्रीपर्यंत, दुसऱ्या दिवशीही, कोणाचा फोन आला नाही. तेव्हा मी जेवले.

इन्व्हेस्टर म्हणाला, पुढच्या सीझनला बघू. म्हणजे नाही. तन्मयने खांदा कॉलनीतलं ऑफिस सोडलं. आता कंपनी त्याच्या आईच्या गॅलरीत आहे, कपड्यांच्या दोरीखाली. पण मार्चनंतरही ती आहे. ताडपत्रीवरचा थोडा पाला त्याने त्या दिवशी बाजूला ठेवून लॅबला दिला होता. त्यात तणनाशक निघालं.

तो मला म्हणाला, "मावशी, चेकलिस्टमध्ये अजून चार मुद्दे घालू या."

मी म्हटलं, "मुद्दे नको. लाल बटण घाल. तुझ्या टॅबवर हो म्हणायचं बटण हाय, नाय म्हणायचं नाय."

त्याने घातलं. मी ते आतापर्यंत चारदा दाबलंय. दर वेळी रिद्धीचा फोन येतो, दर वेळी तन्मय विचारतो, खात्री आहे का.

ज्याच्या हातात लाल बटण नाही, त्याला क्वालिटी हेड म्हणू नये. आणि ज्याच्या हातात आहे, त्याने तिन्ही गोण्या उघडाव्यात.